रहाड उघडण्यापासून बुजवण्यापर्यंतचे नऊ दिवस

जुन्या नाशिकमधील ज्या वाड्यात माझा जन्म झाला, तो पाडून तेथे इमारत उभी राहिली त्याला आता बरीच वर्षे झाली. आम्ही इंदिरानगरला राहायला गेलो, माझी नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, आणि त्यामुळे चौकाशी असलेले माझे नाते हळूहळू एका दिवसापुरते उरले होते. रंगपंचमीला दुपारी मोटारसायकलवर जायचे, रहाडीत, म्हणजे जमिनीखालच्या रंगाच्या हौदात, धप्पा (जोराची उडी) मारायचा, कोणाच्या तरी घरी जेवायचे आणि अंगावरचा रंग मिरवत संध्याकाळी परत यायचे, एवढाच माझा सहभाग होता. २०२५ च्या फेब्रुवारीत मेनरोडवर आमच्या चौकातील आण्णा भेटले. ते आता सत्तरीचे आहेत आणि रहाडीचे काम त्यांनी तरुणपणापासून पाहिलेले आहे. चहा पिता पिता ते एवढेच म्हणाले, "धप्पा मारायला तर सगळं गाव येतं रे. खणायला कोण येतं? या खेपेला खणायला ये." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण ते मला लागले, कारण ते खरे होते. मी होकार दिला आणि त्या वर्षी पहिल्या कुदळीपासून शेवटच्या घमेल्यापर्यंत कामात राहिलो. ते काम कसे चालते, हे आमच्याच पिढीतील अनेकांनी पाहिलेले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडे सांगायला हवे. रहाड म्हणजे जमिनीखाली बांधून काढलेला हौद. नाशिकच्या रहाडी पेशवेकालीन मानल्या जातात. मोठ्या रहाडी साधारण पंचवीस फूट लांब-रुंद आणि आठ ते दहा फूट खोल असतात. आमची त्या मानाने लहान आहे. वर्षभर त्या लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेल्या असतात, वरून माणसे चालतात, रिक्षा जातात, आणि खाली काय आहे याची नवख्या माणसाला कल्पनाही येत नाही. फाल्गुन वद्य पंचमीच्या आधी त्या उघडायच्या, रंगाच्या पाण्याने भरायच्या, आणि सण झाला की पुन्हा बुजवायच्या, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. पंचवटीतील शनी चौकाची रहाड गुलाबी, तिवंधा चौकाची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी. अंगावरच्या रंगावरून कोण कुठल्या रहाडीत उडी मारून आला हे जुना नाशिककर न विचारता ओळखतो. आमचाही रंग केशरीच आहे. पाण्यात जोराने उडी घेण्याला आमच्याकडे धप्पा म्हणतात, आणि चांगला धप्पा तोच, ज्याने काठावरची वीस-पंचवीस माणसे एका दमात भिजतात.

पहिली बैठक फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तालमीत झाली. वर्गणीची पावतीपुस्तके, पोलिसांची परवानगी, वाहतूक वळवण्याचा अर्ज, पाण्याचे टँकर अशी कामे वाटून दिली गेली. ही कामे कंटाळवाणी असली तरी त्यांत अडचण नव्हती. वेळ गेला तो दोन विषयांवर. पहिला विषय रमजानचा होता. त्या वर्षी रंगपंचमी १९ मार्चला, बुधवारी, होती आणि रोजे चालू होते. आमच्या चौकाच्या एका बाजूला मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांची मुले आमच्याबरोबरच तालमीत घुमली आहेत. संध्याकाळी रोजा सोडण्याच्या वेळी रस्ता मोकळा आणि कोरडा असावा, म्हणून पाच वाजता शेवटचा धप्पा आणि साडेपाचला रस्ता धुऊन काढायचा, असे ठरले. बाजूच्या गल्लीतील दोन जाणती माणसे बैठकीला आली होती. त्यांनी रस्ता धुण्यासाठी आपल्या घरचे पाइप देऊ केले, आणि ते त्या दिवशी खरोखरच घेऊन आले.

दुसरा विषय बायकांचा. आमच्या चौकातील बायका रंग उकळतात, फुले निवडतात, पूजेची तयारी करतात, पण रहाडीत उतरत नव्हत्या. गर्दीत त्यांना ते शक्यच नव्हते. या वर्षी सकाळचे दोन तास फक्त बायकांसाठी ठेवावेत, असा आग्रह काही सुनांनी आणि मुलींनी धरला. एका ज्येष्ठांनी "पूर्वी असं नव्हतं" असे म्हणून पाहिले. त्यावर आण्णांनी उत्तर दिले, "पूर्वी टँकरनं पाणी आणत नव्हतो. ते चालतंय ना?" त्यानंतर कोणी विरोध केला नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, आणि तो कोणाचीही मने न दुखावता झाला याचे श्रेय आण्णांना आहे.

१३ मार्चला होळी झाली. दुसऱ्या दिवशी धुळवड; पण नाशिकमध्ये त्या दिवशी रंग खेळत नाहीत, तो दिवस वीरांचा असतो. घरोघरचे वीर, म्हणजे पूर्वजांचे टाक, वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्यांना स्नान घालतात. लहान मुलांना देवादिकांचे आणि वीरांचे वेश देऊन मिरवतात. बाशिंग बांधलेला दाजीबा वीर जुन्या नाशिकमधून निघतो तेव्हा बायका दारात ओवाळायला उभ्या असतात. अंगाला हळद लागलेली असताना ज्याचा घात झाला, त्या तरुणाची आठवण म्हणून हा वीर निघतो, असे सांगतात. माझ्या लेकीने त्या दिवशी हे सगळे प्रथमच नीट पाहिले. रहाडीचे काम मात्र वीर गेल्याशिवाय सुरू करायचे नाही, असा आमच्या चौकाचा दंडक आहे.

शनिवारी, १५ तारखेला, सकाळी सात वाजता आम्ही चौदा जण जमलो. रहाड नेमकी कुठे आहे, याची कोणतीही खूण रस्त्यावर नाही. आण्णा देवळाच्या खालच्या पायरीला टाच लावून उभे राहिले, आणि समोरच्या वाड्याच्या दिशेने मोजून पावले टाकत गेले. जिथे थांबले तिथे त्यांनी चुन्याने रेघ मारली. नंतर काटकोनात वळून पुन्हा पावले मोजली. त्यांची उंची आणि त्यांचे पाऊल हेच त्या नकाशाचे माप आहे, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मला काळजी वाटली. मी खिशातील टेप काढून दोन्ही अंतरे मोजून घेतली आणि वहीत लिहून ठेवली. आण्णांनी ते पाहिले आणि "लिहून ठेव, चांगलं केलंस" असे म्हणाले.

खणणे सोपे नव्हते. मधल्या वर्षांत रस्त्याच्या कामांमुळे चौकाची पातळी चढत गेली आहे. कोणी ते काम केले याच्याशी मला कर्तव्य नाही, पण वरचा कठीण थर फोडण्यातच पहिली दुपार गेली. त्याखाली मुरूम, मग काळी माती, आणि साधारण दोन फुटांवर पहारीचा आवाज बदलला. मातीत पहार बसते तेव्हा आवाज भरीव आणि बसका येतो. लाकडावर बसली की तो पोकळ आणि खोल येतो, आणि तो हातापर्यंत जाणवतो. तो आवाज ऐकताच सगळ्यांनी पहारी बाजूला ठेवल्या. त्यापुढे फक्त फावडे आणि हात. सागाचे ओंडके एकेक करून मोकळे केले, दोरखंड लावून सहा-सहा जणांनी उचलले आणि भिंतीकडेला क्रमाने मांडले. प्रत्येक ओंडक्यावर खडूने आकडा घातला, कारण ज्या जागचा ओंडका त्याच जागी परत बसतो. त्यांतील दोन ओंडके एका टोकाला भुसभुशीत झाले होते. बोटाने दाबले तरी लाकूड सुटत होते. आण्णांनी त्या दोन्हींवर हात फिरवला आणि काही बोलले नाहीत.

उघडलेल्या रहाडीत लगेच कोणी उतरायचे नाही, हा नियम आण्णांनी फार कडकपणे पाळला. वर्षभर बंद असलेल्या जागेत हवा कोंडलेली असते, आणि अशा जागी घाईने उतरून जीव गमावल्याच्या बातम्या आपण विहिरींच्या आणि टाक्यांच्या बाबतीत वाचतोच. रात्रभर रहाड उघडी ठेवली, भोवती बांबू आणि दोर बांधले, दोघे जण पहाऱ्याला बसले. त्यांत मी एक होतो. रात्री दोनच्या सुमाराला चौक इतका शांत झाला की रहाडीच्या भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्याचा थेंब खाली पडलेला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी कमरेला दोर बांधून आधी एक जण उतरला, मग आम्ही चौघे. तळाशी घोट्याएवढा गाळ होता. तो घमेल्यांनी वर दिला, भिंती काथ्याच्या कुंच्याने घासल्या, पाणी मारून पुन्हा घासल्या. गाळ निघाल्यावर दगडाच्या सांध्यांत जुन्या रंगाची केशरी कड दिसू लागली. माझा तळवा तिच्यावर ठेवला तेव्हा ती गार आणि किंचित खरखरीत लागली. लहानपणापासून त्या हौदात इतक्या उड्या मारल्या, पण त्याची भिंत मी कधी पाहिलीच नव्हती. पाण्याने आणि माणसांनी ती नेहमी झाकलेली असायची.

रंगाचे काम मंगळवारी संध्याकाळी सुरू झाले, आणि सगळ्या कामांत मला तेच सर्वांत अवघड वाटले. पळसाची फुले आम्ही पेठ आणि हरसूलच्या बाजूने मागवली होती. थोडी कमी पडली ती जडीबुटीच्या दुकानातून वाळलेली आणली. फुलांचे देठ आणि काळे पुष्पकोश खुडून टाकावे लागतात, नाहीतर रंगात मळकटपणा उतरतो. हे खुडण्याचे काम बायकांनी आणि मुलांनी आदल्या दोन दिवसांत ओट्यांवर बसून केले होते. फुले सोमवारी रात्रीच पाण्यात भिजत घातली होती. लग्नाच्या जेवणाला वापरतात तशा दोन मोठ्या कढया आणल्या, विटांच्या चुली मांडल्या, आणि संध्याकाळी सहाला लाकडे पेटवली.

रंगाची जबाबदारी मावशींकडे असते. त्यांचे माहेर आणि सासर दोन्ही याच गल्लीत, त्यामुळे लहानपणी त्यांनी आजीला हा रंग करताना पाहिले आणि पुढे तो त्यांच्याकडे आला. मी ढवळायला उभा होतो. तीन तास उकळल्यावर कढईतील पाणी इतके गडद दिसू लागले की मला वाटले, झाले. मी तसे म्हणालो. मावशींनी पांढऱ्या सुती धोतराची वीतभर चिंधी रंगात बुडवली, पिळली आणि चुलीच्या उबेला धरली. ओली होती तेव्हा ती भडक नारिंगी दिसत होती. वाळत गेली तशी फिकट, जवळजवळ हळदीसारखी पिवळी झाली. "ओल्या फडक्यावर रंग बघू नये," मावशी म्हणाल्या. "वाळल्यावर जो राहतो तो रंग." त्यांनी तुरटीची पूड घालायला लावली, आणि अर्ध्या तासाने चुन्याची वरची स्वच्छ निवळी, एका वेळी एकच वाटी. पहिली वाटी पडताच जिथे ती पडली तिथे पाणी तांबूस झाले आणि तो तांबूसपणा ढवळण्याबरोबर कढईभर पसरला. दुसऱ्या वाटीनंतर पुन्हा चिंधी. तिसरी वाटी मी घालायला गेलो तर त्यांनी माझे मनगट धरले. चुना जास्त झाला की रंग विटकरी होतो आणि अंगालाही तो चांगला नाही. वाळलेली तिसरी चिंधी केशरी निघाली. मावशींनी ती आधीच्या चिंध्यांच्या शेजारी, दारातल्या दोरीवर, क्रमाने वाळत घातली. मी त्यांचा फोटो काढून ठेवला आहे आणि प्रत्येकीत काय किती घातले ते मावशींना विचारून लिहून घेतले आहे. त्यांनी हे माप आजवर कोणाला सांगितले नव्हते असे नाही. कोणी विचारलेच नव्हते.

पहाटेपर्यंत रंग गाळून तयार झाला. टँकर मात्र सांगितलेल्या वेळेला आला नाही, तीन तास उशिरा आला, आणि तेवढा वेळ सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता. पाणी छातीभर भरले, त्याहून जास्त नाही. गरम रंग ओतल्यावर तो वरच्या थरात राहतो; त्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदा उतरणाऱ्याला छातीला कोमट आणि पायांना थंडगार पाणी लागते. बांबूने बराच वेळ ढवळावे लागते तेव्हा सगळे पाणी सारखे होते.

बुधवारी सकाळी रहाडीची पूजा झाली, नारळ वाढवला, आणि ज्या घराकडे पहिला मान आहे त्यांनी पाण्याला हात लावला. नंतर पुरुष बाजूला झाले. आम्ही गल्लीच्या तोंडाशी चादरी धरून उभे राहिलो, त्यामुळे आतले मी पाहिले नाही, फक्त ऐकले. पहिला धप्पा ऐकू आला, मग थोडी शांतता, आणि मग जो गलका झाला तो दोन तास थांबला नाही. माझी बायको आणि मुलगी आत होत्या. मुलीने नंतर सांगितले की मावशींनी धप्पा मारला नाही. त्या काठावर बसल्या, पातळ गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडून बसून राहिल्या. इतर बायकांनी त्यांच्यावर ओंजळीने रंग घातला. पासष्ट वर्षांत त्या रंगाला त्यांचा पाय प्रथमच लागला.

दुपारी गर्दी झाली. नाशिकरोड, सिडको, सातपूर, अगदी ओझरपासून मुले आली होती. एक टोळके चकाकणारा रासायनिक रंग घेऊन आले आणि तो रहाडीत टाकू लागले. त्यांना थांबवताना शब्दाला शब्द वाढला. मला त्याचा मनापासून संताप आला, कारण रात्रभराचे काम एका पिशवीने नासले असते, आणि डोळ्यांना इजा झाली असती ती वेगळीच. तालमीतील मुलांनी त्यांना हाताला धरून, न मारता, बाहेर नेले. मी स्वतः चारच्या सुमाराला धप्पा मारला. वरून उडी घेताना गुडघे छातीशी घ्यावे लागतात, पाणी कानांत शिरते, आणि वर येईपर्यंत काही क्षण काहीच ऐकू येत नाही. आयुष्यातला तो माझा सर्वांत छोटा धप्पा असेल, कारण मागे लोक थांबले होते आणि मला पाचचे भान ठेवायचे होते. पाच वाजता आण्णांनी शिट्टी वाजवली. थोडी कुरकुर झाली, पण माणसे निघाली. साडेपाचला पाइप लागले आणि अजानच्या आधी रस्ता धुऊन झाला होता.

गुरुवारी पंपाने पाणी उपसले. ते नदीकडे जाणाऱ्या पावसाळी गटारात न सोडता मैल्याच्या चेंबरमध्ये सोडले. गोदावरी दोन गल्ल्यांपलीकडे आहे आणि ही काळजी घ्यायलाच हवी. मग दोन दिवस रहाड कोरडी होऊ दिली. बुजवण्याचे काम रविवारी, २३ मार्चला, होते. बुधवारी चौकात उभे राहायला जागा नव्हती. रविवारी आम्ही नऊ जण होतो. त्यांत दोघे बाजूच्या गल्लीतले, रोजे धरलेले. त्यांनी पाणीसुद्धा न पिता दुपारपर्यंत माती ओढली, आणि आम्ही त्यांच्यासमोर चहा घेतला नाही. ओंडके आकड्यांप्रमाणे बसवले. ते दोन नासके ओंडके बसवताना त्यांची टोके उलटी केली आणि त्यांच्याखाली तात्पुरती लोखंडी नळी आडवी टाकली, जेणेकरून वर्षभर वरून जाणारी वाहने तोलली जातील. मग ताडपत्री, मग माती, मग मुरूम. पाणी मारून धुमसाने ठोकले, पुन्हा माती, पुन्हा ठोकले. शेवटचे घमेले रिकामे झाले तेव्हा दिवस मावळत आला होता.

नळी हा कायमचा उपाय नाही. आण्णांच्या ओळखीच्या एका वखारीत सागाचे जुने, वाड्यातून निघालेले वासे येतात. नव्या लाकडापेक्षा ते मातीखाली जास्त टिकतात असे ते म्हणतात. दिवाळीनंतर तिथे जाऊन योग्य लांबीचे आणि वीतभर जाडीचे दोन वासे निवडायचे, त्यांना तेल देऊन तालमीत उभे करून ठेवायचे. ते काम माझ्याकडे आहे, आणि त्यांची मापे माझ्या वहीत देवळाच्या पायरीपासूनच्या अंतरांखाली लिहिलेली आहेत.